घातांक ०.५५ : जैविक भौतिकीतील एका पदव्युत्तर प्रबंधाचे प्रकरण

जैविक भौतिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे हे प्रकरण आहे. मी तिची मुख्य मार्गदर्शक होते. जीवशास्त्राच्या बाजूने एक सहमार्गदर्शक होते आणि प्रत्यक्ष पेशी वाढवण्याचे काम त्यांच्या प्रयोगशाळेत चालत असे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मोजमापांचा क्रम आणि त्यांवरून घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत, कारण चूक त्या क्रमातच होती.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती. सांख्यिकीय भौतिकी पक्की होती, प्रोग्रॅम लिहिण्यात तिचा हात चालत होता, पण शाळा सुटल्यापासून जीवशास्त्राशी तिचा संबंध आला नव्हता. पहिल्या वर्षी तिने सांख्यिकीय यामिकी, मृदू पदार्थ, प्रतिमा-विश्लेषण आणि पेशी-जीवशास्त्राची तोंडओळख हे विषय घेतले. एक ऐच्छिक विषय उरला होता आणि त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रात्यक्षिक किंवा संगणकीय सदृशीकरण (सिम्युलेशन) यांतून निवड करायची होती. तिने माझा सल्ला विचारला आणि मी सदृशीकरण घ्यायला सांगितले. जीवशास्त्रातली माहिती प्रबंधाच्या ओघात वाचून घेता येईल, असा माझा युक्तिवाद होता. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच, आणि तो माझा होता.

प्रबंधासाठी ३० आठवडे होते. यीस्टच्या पेशीतली ऊर्जा संपली की पेशीद्रवातील कणांची हालचाल कशी बदलते, हा प्रश्न होता. कण बाहेरून टोचायचे नव्हते. पेशीकडूनच ते घडवून घ्यायचे होते. पायरोकॉकस फ्युरिओसस या उष्णताप्रिय सूक्ष्मजीवाच्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घातले की त्या प्रथिनाच्या १८० प्रती आपोआप जुळून सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाचा पोकळ गोल तयार होतो. प्रत्येक प्रतीला जीएफपी हे हिरवे प्रतिदीप्त प्रथिन जोडलेले असल्यामुळे तो गोल सूक्ष्मदर्शकाखाली एका उजळ ठिपक्यासारखा दिसतो. रायबोसोमपेक्षा थोडा मोठा असा हा कण पेशीतल्या गर्दीतून वाट काढत फिरतो, म्हणून त्या गर्दीचा अंदाज घ्यायला तो सोयीचा आहे.

मोजण्याची रीत साधी आहे. दर १० मिलिसेकंदांनी एक फ्रेम टिपायची, प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्याचे मध्यस्थान काढायचे, आणि ठरावीक कालांतरात कण किती सरकला त्याच्या वर्गाची सरासरी घ्यायची. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवल्याप्रमाणे मुक्त विसरणात, म्हणजे कण विनाअडथळा इकडेतिकडे भटकत असताना, हे सरासरी वर्ग विस्थापन काळाच्या सम प्रमाणात वाढते, आणि द्विमितीत ते विसरणांक (कण किती वेगाने पसरतो याचे माप) गुणिले काळ याच्या चौपट असते. दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन आलेख काढला तर उतार १ येतो. उतार १ पेक्षा कमी असेल तर त्या हालचालीला सबडिफ्यूजन म्हणतात, आणि त्याचा अर्थ असा लावला जातो की कण जाळ्यात अडकतो आहे किंवा माध्यमच लवचिक, काचेसारखे झाले आहे. हा उतार म्हणजेच शीर्षकातला घातांक.

आठव्या आठवड्यात तिने सूक्ष्मदर्शक आणि प्रोग्रॅम या दोन्हींची चाचणी घेतली. १ मायक्रोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे मणी २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडले, आणि काचेपासून दूर असलेल्या मण्यांचाच माग घेतला. विसरणांक सेकंदाला ०.४३ वर्ग मायक्रोमीटर आला. सिद्धांतानेही तेवढाच येतो. घातांक १.०१ आला. मी वहीवर सही केली आणि आता पेशींकडे वळायला सांगितले.

अडचण

सतराव्या आठवड्यात तिने दोन आलेख शेजारी शेजारी ठेवून मला दाखवले. साखर मिळत असलेल्या, म्हणजे साध्या, पेशींत विसरणांक सुमारे ०.३ आणि घातांक ०.९ च्या थोडा वर होता. ऊर्जा तोडलेल्या, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘उपाशी’, पेशींत घातांक ०.५५ वर आला होता. ऊर्जा तोडण्यासाठी २-डीऑक्सिग्लुकोज आणि अँटिमायसिन-ए ही दोन द्रव्ये वापरली होती. पहिले ग्लायकोलिसिस (साखर फोडून ऊर्जा मिळवणे) रोखते, दुसरे श्वसन.

हा निकाल आम्हाला हवाच होता. ऊर्जा काढून घेतली की पेशीद्रव काचेसारखे किंवा घनासारखे वागू लागते, असे २०१४ मध्ये जिवाणूंवरील आणि २०१६ मध्ये यीस्टवरील शोधनिबंधांत मांडले गेले होते. आमचा आकडा त्या चित्रात चपखल बसत होता. एका परिषदेसाठी गोषवारा पाठवायला नऊ दिवस उरले होते आणि तिने मसुदाही तयार केला होता. त्यातले मध्यवर्ती वाक्य असे होते : ‘ऊर्जा संपताच पेशीद्रवातील हालचाल मुक्त विसरणाकडून तीव्र सबडिफ्यूजनकडे वळते.’ मी त्यात भाषेच्या दोन दुरुस्त्या केल्या. आकड्याबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न आला तो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून. तिथल्या एका संशोधक विद्यार्थ्याने आलेखापेक्षा मूळ चित्रफीत पाहायला मागितली. साध्या पेशींची फीत त्याने काही न बोलता पाहिली. उपाशी पेशींची फीत सुरू झाल्यावर त्याने विचारले, ‘यात पीएच किती आहे?’ तिला तो प्रश्न कळला नाही. मग त्याने समजावून सांगितले. पेशीच्या पटलावरचा, प्रोटॉन बाहेर टाकणारा पंप एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालतो. एटीपी संपले की पंप थांबतो आणि आम्लधर्मी माध्यमात ठेवलेल्या पेशीचे अंतरंग हळूहळू आम्ल होत जाते, ७.४ च्या आसपासचा पीएच ६ कडे उतरतो. जीएफपीचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरतात तो आकडा, साधारण ६ आहे. म्हणजे पीएच ६ ला जीएफपीच्या निम्म्या रेणूंतील रंगकेंद्र प्रोटॉन धरून बसते, त्यांचे शोषण ४०० नॅनोमीटरकडे सरकते, आणि ४८८ नॅनोमीटरच्या लेसरला ते प्रतिसादच देत नाहीत. कण तेच, तेवढेच, पण त्यांचा प्रकाश निम्मा.

तिने वही उघडली. बाराव्या आठवड्याच्या पानावर तिच्याच अक्षरात नोंद होती : ‘उपाशी नमुना. ठिपके अंधूक. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिले, माग घेता येतो.’ ही नोंद पाच आठवडे तिथे होती. मीही ते पान पाहिले होते.

अंधूक ठिपका म्हणजे कमी फोटॉन, आणि कमी फोटॉन म्हणजे मध्यस्थान काढण्यात जास्त चूक, एवढे तिला लगेच उमगले. स्थाननिश्चितीची ही त्रुटी सरासरी वर्ग विस्थापनात एक स्थिर भर घालते : द्विमितीत, एका अक्षावरच्या त्रुटीच्या वर्गाच्या चौपट. कालांतर कितीही असो, ही भर तेवढीच राहते. त्यामुळे लहान कालांतरांचे बिंदू वर उचलले जातात, मोठ्या कालांतरांचे जवळजवळ जागच्या जागी राहतात, आणि लॉग-लॉग आलेखावरचा उतार आपोआप कमी दिसतो. कण पूर्णपणे मुक्त विसरण करत असला तरीही. हे सूत्र मी पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहिले होते, आणि ते तिच्या टिपणांत होतेही. पीएच आणि जीएफपीचे नाते त्या संशोधकाला तोंडपाठ होते, पण विस्थापनाच्या आलेखाचे काय होईल हे त्याला ठाऊक नव्हते. दोन अर्ध्या गोष्टी दोन इमारतींत पडून होत्या.

त्याच संध्याकाळी तिने एका कागदावर हिशेब केला, तो इथे देतो आहोत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहिले. साध्या पेशीत विसरणांक ०.३ असताना एका फ्रेमचे विस्थापन ०.०१२ वर्ग मायक्रोमीटर येते. त्रुटी ४० नॅनोमीटर धरली तर तिची भर ०.००६४. दुसरीकडे, पूर्ण १० मिलिसेकंद एक्स्पोजर चालू असताना कण हलतच असतो, ठिपका फरफटतो, आणि त्यामुळे ०.००४ वजा होतात. निव्वळ भर ०.००२४ उरते, आणि पहिल्या व दहाव्या बिंदूमधला उतार ०.९३ येतो. उपाशी पेशीत विसरणांक ०.१ धरला तर एका फ्रेमचे विस्थापन अवघे ०.००४ होते. फोटॉन निम्मे झाल्याने त्रुटी निदान २ च्या वर्गमूळाइतक्या पटीने वाढून ५६ नॅनोमीटर होते. तिची भर ०.०१२५, फरफटीची वजावट ०.००१३, निव्वळ भर ०.०११२. उतार येतो ०.५३.

प्रत्यक्षात मोजलेला आकडा ०.५५ होता. सबडिफ्यूजन मुळीच नाही असे गृहीत धरूनही तो जवळजवळ तसाच निघत होता.

याच कागदावर आणखी एक ओळ आहे आणि ती मला अधिक बोधक वाटते. ठिपके अंधूक झालेच नसते आणि त्रुटी ४० नॅनोमीटरच राहिली असती, तरी उतार ०.७० पर्यंत उतरला असता. कारण कण मंदावला की खरे विस्थापन लहान होते आणि तीच त्रुटी त्याच्या तुलनेत मोठी ठरते. म्हणजे ०.९३ ते ०.५३ या घसरणीतला मोठा वाटा निव्वळ मंदावण्याचा होता, उरलेला अंधूकपणाचा. पेशी मंदावल्या हे खरे जीवशास्त्र होते. त्या खऱ्या बदलानेच घातांकात खोटा बदल घडवून आणला होता.

समोर असलेले पर्याय

गोषवाऱ्याचा प्रश्न आधी सोडवायचा होता. तो मागे घ्यावा, की ‘प्राथमिक निरीक्षण’ असा शब्द घालून पाठवावा? सहमार्गदर्शकांचे म्हणणे होते की परिषदा प्राथमिक कामासाठीच असतात आणि विद्यार्थिनीला अनुभव मिळेल. या म्हणण्यात तथ्य होते. पण हिशेबाचा कागद समोर असताना ते वाक्य लिहिणे मला पटेना, आणि तिलाही पटले नाही. मंदावण्याचाच दावा ठेवून गोषवारा नव्याने लिहिण्याइतका वेळ होता. तसे करायला हवे होते, असे आता वाटते. तेव्हा आम्ही तो पाठवलाच नाही.

प्रबंधापुरता सर्वांत स्वस्त उपाय होता आलेखावर बसवण्याच्या सूत्रात स्थिर भर हा एक मोकळा अंक म्हणून घालणे. एका दिवसाचे काम. पण यीस्टमधले कण दहा-वीस फ्रेमनंतर फोकसबाहेर जातात, त्यामुळे माग आखूड असतात आणि वापरण्याजोगे बिंदू थोडे. थोड्या बिंदूंवर घातांक आणि स्थिर भर हे दोन अंक एकमेकांची जागा घेतात : घातांक थोडा कमी करा, भर थोडी कमी करा, वक्र तितकाच चांगला बसतो. तिने करून पाहिले तेव्हा उपाशी पेशींसाठी ०.७ पासून १ पर्यंतचा कोणताही घातांक चालत होता. यातून दावा खोडलाही जात नव्हता आणि टिकतही नव्हता.

दुसरा मार्ग फॉर्मॅल्डिहाइडने पेशी गोठवून, स्थिर कणांवरून त्रुटी थेट मोजण्याचा होता. कण हलतच नसेल तर जे विस्थापन दिसते ते सगळे त्रुटीचेच. कल्पना स्वच्छ होती, पण गोठवण्याच्या प्रक्रियेत पीएच आणि जीएफपीची उजळता दोन्ही बदलतात. ज्या अंधूकपणाची शंका होती तोच हातातून निसटला असता.

तिसरा मार्ग मुळावर घाव घालणारा होता : आम्लात मंद न होणारे प्रतिदीप्त प्रथिन जोडलेला नवा वाण तयार करणे. एमचेरी या लाल प्रतिदीप्त प्रथिनाचा पीकेए ४.५ च्या वर जात नाही, त्यामुळे पीएच ६ ला त्याला फरक पडत नाही. सहमार्गदर्शकांचा कल या पर्यायाकडे होता. नवा वाण करून, तपासून, पुन्हा मोजायला त्यांच्या अंदाजाने सहा ते आठ आठवडे लागणार होते. हातात होते तेरा, आणि त्यातच लेखन. शिवाय मंदावण्यामुळे होणारी घसरण त्यानेही गेली नसती.

चौथा मार्ग विद्यार्थिनीने स्वतः सुचवला. ज्यात सबडिफ्यूजन असूच शकत नाही अशा साध्या द्रवात, पेशीतल्याइतकेच मंद आणि पेशीतल्याइतकेच अंधूक कण ठेवून तीच मोजमापे करायची. पाण्यात ४० नॅनोमीटरचा कण पेशीतल्यापेक्षा तीस-पस्तीस पट वेगाने विसरतो, म्हणून द्रव दाट हवा. ग्लिसरॉल आणि पाण्याच्या मिश्रणाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) कोष्टकांत दिलेली असते : २० अंशांना वजनी ७५ टक्के ग्लिसरॉलला सुमारे ३५.५ मिलिपास्कल-सेकंद, ८५ टक्क्यांना सुमारे १०९. पहिल्यात विसरणांक ०.३ येतो, दुसऱ्यात ०.१. तिला हव्या असलेल्या दोन्ही पेशींची निर्जीव प्रतिरूपे एका बाटलीत मिळत होती.

हा पर्याय निवडला. खर्च आणि वेळ यांचा विचार होताच, पण माझ्यासाठी निर्णायक ठरली ती त्याची रचना : यात जे निघेल त्याचा दोष पेशीवर टाकता येणार नव्हता.

काय केले

तीन नमुने ठरले. पहिला ७५ टक्के ग्लिसरॉल, लेसर असा लावलेला की ४० नॅनोमीटरच्या मण्यांपासून मिळणारे फोटॉन साध्या पेशीतल्या कणाइतके असावेत. दुसरा ८५ टक्के, उजळता तीच. तिसरा ८५ टक्के, उजळता निम्मी. दुसरा आणि तिसरा वेगळे ठेवण्याचा आग्रह तिचा होता. मी एकत्र करायला निघाले होते. वेगळे ठेवल्यामुळेच मंदावणे आणि अंधूकपणा यांचे वाटे वेगळे मोजता आले.

ग्लिसरॉल मोजणे हे बोलायला सोपे काम आहे. ते पिपेटच्या आत चिकटून राहते, त्यामुळे आकारमानाने मोजले की प्रमाण चुकते. तिने शेवटी प्रत्येक मिश्रण तराजूवर वजनाने केले. ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून झाकण लावून त्याच दिवशी वापरायचे असा नियम केला. तापमानात दोन अंशांचा फरक पडला तरी ८५ टक्के मिश्रणाची श्यानता दहा टक्क्यांहून अधिक बदलते, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर तापमापक चिकटवला. पहिल्या आठवड्यातली सगळी मोजमापे यापायी टाकून द्यावी लागली.

घातांक अनुक्रमे ०.९३, ०.७१ आणि ०.५५ आले. कागदावरचा हिशेब ०.९३, ०.७० आणि ०.५३ असा होता. ग्लिसरॉलमध्ये ना जाळे असते, ना काच, ना उपाशी पेशी.

एवढ्यावर थांबता आले असते. पण सहमार्गदर्शकांनी योग्य मुद्दा काढला : ग्लिसरॉलमध्ये ०.५५ येतो म्हणून पेशीतला ०.५५ त्याच कारणाने आला, हे सिद्ध होत नाही. पेशीत दोन्ही गोष्टी असू शकतात. त्यावर तिने तिच्या जुन्या माहितीतूनच उत्तर काढले. सलग दोन फ्रेममधल्या विस्थापनांचा परस्परसंबंध त्रुटीमुळे ऋण होतो, कारण एका फ्रेममध्ये मध्यस्थान चुकून उजवीकडे पडले तर आधीचे पाऊल उजवीकडे लांबते आणि पुढचे तेवढेच आखडते. पण ही चूक एका फ्रेमपुरती असते. एक पाऊल सोडून पुढच्या पावलाशी तिचा संबंध उरत नाही. माध्यम खरोखर लवचिक असेल तर मात्र कणाला मागे ओढणारी स्मृती पुढेही टिकते. घातांक ०.५५ असलेल्या खऱ्या सबडिफ्यूजनात एक पाऊल सोडून पुढच्याशी संबंध पावलाच्या विचरणाच्या (सरासरी वर्गाच्या) सुमारे उणे ५ टक्के असायला हवा. तिच्याकडे वीस हजारांहून अधिक पावले होती, म्हणजे अनिश्चितता एक टक्क्याहून कमी होती. लगतच्या पावलांचा संबंध उणे ३६ टक्के निघाला. एक पाऊल सोडून पुढचा शून्यापासून वेगळा ओळखू आला नाही.

ही कसोटी तिला सदृशीकरणाच्या विषयात शिकवली गेली होती, हे इथे नोंदवायला हवे. माझा पहिल्या वर्षीचा सल्ला सर्वस्वी चुकीचा नव्हता.

निष्पत्ती

प्रबंध मुदतीत सादर झाला. ऊर्जा तोडल्यावर विसरणांक साधारण तिपटीने घटतो, हा निष्कर्ष टिकला आणि स्थिर भर वजा करूनही तेवढाच राहिला. सबडिफ्यूजनचा दावा मागे घेतला. ऊर्जा तोडल्यानंतर वेळेनुसार हालचाल कशी बदलते, हे मूळ आराखड्यातले प्रकरण झालेच नाही. त्याचे आठवडे ग्लिसरॉलला गेले. त्या जागी मोजमापाच्या मर्यादांवरचे एक प्रकरण आले, आणि माझ्या मते प्रबंधातले सर्वांत भक्कम प्रकरण तेच आहे. आपल्याच आकड्याविरुद्ध इतक्या काटेकोरपणे उभी राहिलेली विद्यार्थिनी मी क्वचित पाहिली आहे.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी घातांकाबद्दल फारसे विचारले नाही. त्यांचा प्रश्न असा होता : तिपटीने मंदावणे कशामुळे? आम्लतेमुळे प्रथिने एकमेकांना चिकटून, की पेशी आकसून आतली गर्दी वाढल्यामुळे? यीस्टवरील २०१६ च्याच आणखी एका कामात ग्लुकोज काढल्यावर पेशीचे आकारमान घटते असे दाखवले होते. तिला तो शोधनिबंध माहीत होता, पण आकारमान मोजलेले नव्हते, आणि तिने तसे सरळ सांगितले.

काय वेगळे करता आले असते

आठव्या आठवड्यातली चाचणी नको तितकी सोयीची होती. १ मायक्रोमीटरचे मणी इतके उजळ असतात की १ मिलिसेकंदाचे एक्स्पोजर पुरते. फरफट नाही, त्रुटी चार-पाच नॅनोमीटरची. जो दोष पेशीत छळणार होता तो दिसूच शकणार नाही अशा नमुन्यावर आम्ही उपकरणाला प्रमाणपत्र दिले. मला इथे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ पेराँची आठवण होते. ब्राउनीय गतीवरून रेणूंची संख्या काढताना त्याने आधी आपल्या कणांची त्रिज्या वेगवेगळ्या मार्गांनी मोजली आणि द्रवातून सरकणाऱ्या गोलाला होणाऱ्या रोधाचा स्टोक्सचा नियम इतक्या लहान कणांना लागू पडतो का, हेही तपासले. त्याने ते त्याच कणांवर केले. आम्हीही ग्लिसरॉलची बाटली आठव्या आठवड्यातच उघडायला हवी होती. तेव्हा त्याला दोन आठवडे लागले असते आणि वेळेनुसार बदलाचे प्रकरण वाचले असते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाबद्दल माझे मत बदलले आहे, पण माहितीच्या कारणाने नाही. जीएफपीचा पीकेए तिला एका ओळीत वाचता आला असता. प्रात्यक्षिकात जी सवय लागते ती वाचून लागत नाही : पेशीला काहीही केले की ‘याने आणखी काय काय बदलले असेल?’ असे विचारण्याची, आणि प्रत्येक उपचाराशेजारी एक तुलनेचा नमुना ठेवण्याची. भौतिकशास्त्रात वाढलेला विद्यार्थी एका वेळी एकच चल बदलतो असे मानून चालतो. पेशीत एक चल बदलता येत नाही. आता भौतिकशास्त्राकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी ते प्रात्यक्षिक पहिल्या सत्रात घ्यायला सांगते, आणि सदृशीकरण दुसऱ्या सत्रात. दोन्ही बसवता येत होते. मी वेळापत्रक नीट पाहिले नव्हते.

तिसरी गोष्ट बैठकांची. मी तिला दर आठवड्याला भेटत होते, सहमार्गदर्शक दर पंधरवड्याला, आणि आम्ही तिघे एकत्र सतरा आठवड्यांत दोनदा बसलो. दोन्ही वेळा आलेख पाहिले, चित्रफीत पाहिली नाही. आलेखावर उजळता दिसत नाही. नंतरच्या बैठकांत आधी कच्ची फीत लावायची आणि कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही, असे ठरवले. त्याच पद्धतीने पुढे एका दुसऱ्या विद्यार्थ्याच्या फितीत फोकस सरकत असल्याचे पहिल्याच दिवशी लक्षात आले.

त्या संशोधक विद्यार्थ्याचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आहे. त्याच्या प्रश्नाशिवाय गोषवारा गेला असता, तेव्हा ते मला अपुरे वाटते; निदान मोजमापाच्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीला तसे स्पष्ट लिहायला हवे होते.

आकारमानाचा प्रश्न अजून तसाच आहे. पेशीची हद्द कळावी म्हणून ती प्रत्येक फितीआधी एक ब्राइटफील्ड (साध्या प्रकाशातले) चित्र घेत असे, आणि परीक्षेनंतर आम्ही त्या चित्रांवरून त्रिज्या काढून पाहिली. फोकस प्रत्येक वेळी वेगळ्या पातळीवर होता. कड दोन पिक्सेल रुंद दिसते, पिक्सेल ११० नॅनोमीटरचा आहे, आणि पेशीची त्रिज्या अडीच मायक्रोमीटर. म्हणजे त्रिज्येत जवळपास ९ टक्क्यांची आणि आकारमानात २५ ते ३० टक्क्यांची अनिश्चितता. उपाशी पेशी आकसल्या असतील, पण किती, हे त्या चित्रांवरून सांगता येत नाही. पुढच्या विद्यार्थ्याने प्रत्येक पेशीची वेगवेगळ्या खोलीवरची चित्रे घ्यायला सुरुवात केली आहे. ग्लिसरॉलची मोजमापे त्याने त्याआधी पूर्ण केली.